कॅथलिक संघांत लोक का जातात आणि का बाहेर पडतात?

केळीबाग

मुलगी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटात गेली की अख्ख्या गावाला कळतं. तीच चार वर्षांनी बॅग घेऊन परत आली की कुजबुज सुरू होते: एकतर तिचं काहीतरी चुकलं असणार, नाहीतर कोणीतरी भेटला असणार. तिसरं कारण कोणाला सुचतच नाही. म्हणून हा धागा.

आधी एक घोळ मिटवू. चर्चमध्ये दिसणारा प्रत्येक फादर संघाचा, म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संस्थेचा, नसतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू बिशपांच्या हाताखाली काम करतो, ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं वचन देतो, पण निष्कांचनतेचं व्रत घेत नाही. त्याच्या नावावर घर, बँक खातं असू शकतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो असे धर्मप्रांतीय होते. जेज्वीट, सालेशियन, कॅपुचिन, फ्रान्सिस्कन हे संघ झाले. तिथे निष्कांचनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन जाहीर व्रतं असतात आणि एकत्र राहणं सक्तीचं असतं. सिस्टर मात्र सगळ्या कुठल्या ना कुठल्या संघाच्याच.

आत जाण्याच्या पायऱ्या साधारण अशा. आधी 'या आणि पाहा' शिबिरं. मग उमेदवारी, म्हणजे अॅस्पिरंट आणि पोस्टुलंट. हा काळ प्रत्येक संघ आपापला ठरवतो. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा पारखीचा काळ, कमीत कमी १२ महिने, बहुतेक ठिकाणी २ वर्षं. मग तात्पुरती व्रतं: १९८३ च्या धर्मकायद्यानुसार कमीत कमी ३ वर्षं, एरवी ६, आणि फार ताणलं तरी एकूण ९. त्यानंतर कायमची व्रतं. बंदिस्त मठातल्या नन्सना २०१८ च्या नियमांनी हा सगळा काळ किमान ९ वर्षांचा केला आहे.

वयाच्या अटीही आहेत. नोव्हिशिएटला १७ पूर्ण, पहिल्या व्रतांना १८, कायमच्या व्रतांना २१.

माझा मुद्दा असा, की ही लांबलचक शिडी चढण्यासाठी आहे तशीच उतरण्यासाठीही आहे. 'तात्पुरती' हा शब्द कायद्याने उगीच ठेवलेला नाही. तेव्हा पहिल्या व्रतांनंतर कोणी परत आलं तर तो घोटाळा समजू नका. व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालली एवढाच त्याचा अर्थ.

दादर_लोकल

माफ करा, पण हे जरा गुळगुळीत वाटतंय. आत जाण्याचं खरं कारण गरिबी आहे असं सरळ का म्हणत नाही? पूर्वी वसईतून, गोव्यातून, मंगळूरहून मुली जायच्या. आता झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून येतात. वसईतल्या घरांत पैसा आला आणि पाचारण (संघात जाण्याची हाक) आटलं. हिशेब सोपा आहे.

निर्मळतळे

दादर_लोकल, तुमचं निरीक्षण खरं आहे, हिशेब अर्धा.

वसईत पैसा आला त्याच काळात मुलंही कमी झाली. सात-आठ भावंडांतली एक सिस्टर झाली तर घर चालायचं. आज घरात दोन मुलं, त्यातला एक कॅनडात. दुसरीने संघात जायचं म्हटलं तर म्हाताऱ्या आईबापांना बघणार कोण? हा प्रश्न श्रीमंत घरातही तितकाच टोचतो. शिवाय पूर्वी शिकायची, नर्स व्हायची, घराबाहेर पडून स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवायची वाट बाईला कॉन्व्हेंटातूनच जायची. आता ते सगळं संघाबाहेर मिळतं. म्हणजे 'गरिबी गेली' म्हणण्यापेक्षा 'दुसऱ्या वाटा उघडल्या' म्हणा. आदिवासी भागातून येणाऱ्या मुलींनाही हे लागू आहे. तिथेही दोन पिढ्यांनी आकडा उतरेल असं माझं मत.

पण हे झालं दार कुठे आहे त्याचं कारण. दारातून आत कोण जातं, त्याची कारणं वेगळी. घरात आत्या किंवा मावशी सिस्टर असणं हे फार मोठं कारण, कारण मुलीने ते जगणं जवळून पाहिलेलं असतं. शाळेतली एखादी सिस्टर, वेदीसेवक मुलांना सांभाळणारा एखादा फादर. प्रार्थनेची खरी ओढ. सेवेची ओढ, कुष्ठरोग्यांचं काम पाहून त्या कामासाठीच गेलेलेही असतात. मुंबईच्या अंधेरीत १९४२ मध्ये सुरू झालेला हेल्पर्स ऑफ मेरी हा संघ अनाथ मुलं आणि कुष्ठरोग्यांच्या कामाभोवतीच वाढला.

आणि काही कारणं अशी, की निवड करणाऱ्या सिस्टर ती ऐकूनच सावध होतात. घरच्या भांडणातून सुटका. मोडलेलं लग्न. 'मला लग्नाचीच भीती वाटते.' फुकट बी.एड. आणि सर्वांत अवघड म्हणजे आईचा नवस. मूल आजारी असताना 'बरं झालं तर तुला देईन' असं आई बोलून गेलेली असते आणि मुलीला ते तिच्या आठव्या वर्षापासून ऐकवलं जातं. ती हसतमुखाने येते, सगळं नीट करते आणि तिसाव्या वर्षी कोसळते. तिने स्वतः कधी 'हो' म्हटलेलंच नसतं.

कॅननकाका

निर्मळतळे यांच्या नवसाच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. कॅनन (म्हणजे धर्मकायद्याचं कलम) ६४३ नुसार बळजबरीने, मोठ्या भीतीने किंवा फसवणुकीने घेतलेला नोव्हिशिएट-प्रवेश अवैध असतो. नियम उलट्या बाजूनेही लागतो: सुपिरिअरने, म्हणजे संघातल्या वरिष्ठाने, कोणाच्या दबावाखाली प्रवेश दिला तरी तो अवैधच. लग्न टिकून असलेली व्यक्ती, आधीच दुसऱ्या संघाला बांधलेली व्यक्ती, किंवा पूर्वी एका संघात व्रतं घेतली होती हे लपवणारी व्यक्ती यांचाही प्रवेश अवैध. शेवटची चूक बऱ्यापैकी घडते. 'आधीच्या संघाने काढलं हे कळलं तर घेणार नाहीत' म्हणून मुलगी गप्प बसते. सांगितलं असतं तर कदाचित घेतलंही असतं. लपवल्यामुळे पुढची सगळी इमारत वाळूवर उभी राहते.

पुढचा कॅनन ६४४ कर्जाबद्दल आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असेल तर प्रवेश देऊ नये. शैक्षणिक कर्ज काढून नर्सिंग केलेल्या मुलींना हा नियम आज थेट लागतो. आधी हप्ते संपवा, मग या.

कागद कोणते? स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा. व्यवहारात याशिवाय धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांचं पत्र, वैद्यकीय तपासणी आणि बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी. चाचणीला संमती लागते. सुपिरिअरला मनात डोकवायचा हक्क नाही.

आता नोव्हिशिएटचं गणित, कारण इथे सर्वाधिक गोंधळ होतो. १२ महिने नोव्हिशिएटच्या घरातच काढावे लागतात. त्यात गैरहजेरी १५ दिवसांपेक्षा जास्त झाली तर तेवढे दिवस भरून द्यायचे. सलग किंवा तुकड्या-तुकड्याने मिळून ३ महिन्यांच्या वर गेली तर नोव्हिशिएटच अवैध, पुन्हा पहिल्यापासून. वडिलांच्या आजारपणात २० दिवस, बहिणीच्या लग्नाला ८, स्वतःच्या काविळीत दीड महिना, पुन्हा घरी विश्रांतीला ३ आठवडे. सगळं रास्त आहे, पण बेरीज ९० च्या पुढे जाते आणि कोणी मोजलेलीच नसते. नोव्हिस मिस्ट्रेसने (नोव्हिशिएटमधल्या मुलींना सांभाळणाऱ्या सिस्टरने) तारखांची वही ठेवावी, आणि नोव्हिसनेही आपली ठेवावी.

या १२ महिन्यांत कॉलेज किंवा शाळेची नोकरी लावायची नसते. मनुष्यबळ कमी आहे म्हणून नोव्हिसला बालवाडीवर पाठवणारे संघ स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. ज्या वर्षात 'हे माझं आहे का' हे कळायचं, तेच वर्ष हजेरीपट भरण्यात जातं. मग तो प्रश्न व्रतांनंतर पडतो.

नोव्हिसला बाहेर पडायचं असेल तर कसलीही परवानगी लागत नाही. सांगायचं आणि निघायचं. संघही तिला काढू शकतो. शेवटी शंका उरली तर मुदत वाढवता येते, पण ६ महिन्यांपेक्षा जास्त नाही.

जास्वंद

एक भाबडा प्रश्न. तात्पुरत्या व्रतांत असलेल्या मुलीला बाहेर पडायचं असेल तर पोपसाहेबांची परवानगी लागते असं ऐकलंय. आणि व्रत मोडणं हे पाप नाही का?

कॅननकाका

जास्वंदताई, अजिबात नाही. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर.

तात्पुरत्या व्रतांना तारीख असते. समजा ८ डिसेंबरला वर्षभरासाठी व्रतं घेतली. ती मुदत संपली की व्रतं संपली. नूतनीकरण करायचं नसेल तर कोणाची सही लागत नाही. इथे मोडलं काहीच नाही, मग पाप कसलं? साधा शिष्टाचार म्हणून दोन-तीन महिने आधी प्रोव्हिन्शियलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना, लेखी कळवतात, म्हणजे बदल्या ठरवताना घोळ होत नाही.

मुदतीच्या मध्येच निघायचं असेल तर गंभीर कारण हवं. संघाच्या सर्वोच्च सुपिरिअर आपल्या सल्लागार मंडळाच्या संमतीने मुक्तिपत्र देतात. प्रकरण रोमला जात नाही.

आता उलटी बाजू. संघही पुढची व्रतं नाकारू शकतो, पण रास्त कारण हवं आणि मंडळाचं मत ऐकलेलं हवं. व्रतांनंतर जडलेला आजारही कारण ठरू शकतो, मात्र त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तो आजार संघाच्या हलगर्जीमुळे किंवा संघाच्या कामातून झाला असेल तर त्यावरून नाकारता येत नाही. क्षयरोगाच्या वॉर्डात काम करून क्षय झालेल्या सिस्टरला 'तब्येत बरी नाही, घरी जा' म्हणता येत नाही. आणि तात्पुरत्या व्रतांच्या काळात कोणाचं मानसिक संतुलन पूर्ण गेलं, तर ती पुढची व्रतं घेऊ शकत नसली तरी तिला संघाबाहेर काढता येत नाही. हे कॅनन ६८९ मध्ये आहे. सुपिरिअर मंडळींनाही ते दरवेळी आठवतं असं नाही.

जेज्वीट मंडळींची रीत वेगळी. २ वर्षांच्या नोव्हिशिएटनंतर ते घेतात ती पहिलीच व्रतं त्यांच्या बाजूने कायमची असतात. संघ मात्र पक्कं स्वीकारतो ते खूप वर्षांनी, अंतिम व्रतांच्या वेळी. त्यामुळे त्यांना 'मुदत संपली, निघालो' म्हणता येत नाही, संघाकडून मुक्ततेचं पत्र घ्यावं लागतं.

निर्मळतळे

कायदा झाला. आता 'का'. बाहेर पडण्याची कारणं टप्प्यागणिक बदलतात. सगळी एकाच पोत्यात भरली की काहीच कळत नाही.

नोव्हिशिएटमधून निघणाऱ्यांचं कारण बहुधा साधं असतं. सेवेसाठी आले आणि मौन भेटलं. पहाटे पाचची घंटा, ठरलेली प्रार्थना, फोन नाही, महिन्यातून एखादी घरची भेट. हे जमत नाही म्हणून माणूस वाईट ठरत नाही. तो लवकर निघाला तर दोघांचं भलं.

तात्पुरत्या व्रतांतले निघतात ते साधारण पंचविशी ते बत्तिशीत, आणि इथे बोट ब्रह्मचर्याकडे दाखवलं जातं. माझ्या मते जास्त झिजवतं ते आज्ञापालन. शाळेच्या वर्षाच्या मध्ये आलेली बदली. एम.ए. मराठी करायचं होतं, पाठवलं हिशेबनिसाच्या कामाला. दिवसा शाळा, संध्याकाळी वसतिगृह, रात्री स्वयंपाकघराचा हिशेब, आणि प्रार्थना उरलेल्या वेळात. तक्रार केली की 'त्याग कर' हे उत्तर. त्यात भाषा. मराठी मुलगी पाच मल्याळी सिस्टरांत एकटी, किंवा संथाळ मुलगी पाच कोकणी सिस्टरांत. जेवणाच्या टेबलावर जी भाषा चालते ती येत नसेल तर माणूस घरातच पाहुणा होतो. नियमात इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेली असते; टेबलावर नियम कोण वाचतो?

कायमच्या व्रतांनंतर, चाळिशी-पन्नाशीत निघणं सर्वांत जड. तिथे आईबापांची जबाबदारी असते. नेतृत्वाशी न मिटणारं भांडण असतं. प्रार्थना आटलेली असते. एखादं प्रेम असतं, तेही खरंच. आणि कधी कधी अत्याचार, ज्याची तक्रार ऐकलीच गेली नाही. शेवटच्या बाबतीत 'ती निघाली' म्हणणंसुद्धा चूक, तिला निघायला लावलं गेलं.

संख्येबद्दल एक गैरसमज आहे. जगभरात २०२२ अखेर ५,९९,२२८ सिस्टर होत्या आणि आकडा उतरतो आहे. जेज्वीट १९६५ मध्ये ३६ हजारांवर होते, आज चौदा हजारांच्या आसपास. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या दीड-दोन दशकांत खरोखरच फार लोक निघाले. आताची घट मात्र मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या म्हाताऱ्या पिढीच्या मृत्यूंची आणि नवे न येण्याची आहे. 'सगळे सोडून चाललेत' असं चित्र नाही.

जेज्वीट संघाचे संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने साधकांसाठी घालून दिलेला एक नियम इथे फार कामाचा: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. उजाडेपर्यंत थांबावं आणि मग ठरवावं. निघण्याचं पत्र बदलीच्या रात्री लिहू नये, हा त्याचा मराठी अर्थ.

दादर_लोकल

हे पटलं. गरिबीवाला मुद्दा थोडा मागे घेतो, पूर्ण नाही.

कायमच्या व्रतांनंतर प्रक्रिया काय? तिथे तरी रोम लागतं ना?

कॅननकाका

संघ कोणत्या हक्काचा, म्हणजे कोणाच्या अधिकाराखालचा, आहे त्यावर. परमगुरूंच्या, म्हणजे पोपच्या हक्काचा असेल तर रोम. धर्मप्रांतीय हक्काचा असेल तर ती सिस्टर ज्या घरात नेमलेली आहे तिथला बिशप पुरतो.

वाट अशी. सिस्टर अर्ज लिहिते: जन्म, प्रवेश, पहिली आणि अंतिम व्रतं यांच्या तारखा, आणि कारणं. 'मला आता नको' एवढ्यावर भागत नाही. कायद्याचे शब्द 'अत्यंत गंभीर कारणं, परमेश्वरासमोर तोलून' असे आहेत. कारणं स्वतःच्या शब्दांत लिहावीत, प्रसंग आणि काळ देऊन. आधी काय उपाय केले तेही लिहावं: समुपदेशन, बदली, विश्रांती. ते लिहिलेलं नसलं की अर्ज प्रश्न विचारत परत येतो आणि महिने जातात. अर्ज सर्वोच्च सुपिरिअरकडे जातो; त्या आपलं आणि मंडळाचं मत जोडून पुढे पाठवतात. तो अडवून ठेवणं हे त्यांचं काम नाही.

मुक्तिपत्र आल्यावर ते तिला वाचून दाखवतात. तिने त्याच क्षणी नाकारलं नाही तर व्रतं तिथेच सुटतात. नाकारायचा हक्क मात्र त्या क्षणापर्यंत शाबूत असतो, आणि काही जण तो वापरतात.

एवढ्यात तोडायचं नसेल तर मधली वाट आहे: संघाबाहेर राहायची परवानगी. व्रतं कायम राहतात, जगणं बाहेर. पूर्वी सर्वोच्च सुपिरिअर ३ वर्षांपर्यंत देऊ शकत होत्या. फेब्रुवारी २०२२ च्या बदलानंतर ५ वर्षांपर्यंत. या काळात संघाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, निवडूनही येता येत नाही.

मदर तेरेसांचं प्रकरण याचंच उदाहरण. त्या लोरेटो संघाच्या होत्या. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए यांच्या सांगण्यावरून अर्ज गेला तो व्रतांतून पूर्ण मुक्तीचा. रोमने १२ एप्रिल १९४८ च्या पत्राने दिली ती बाहेर राहायची परवानगी, म्हणजे व्रतं तशीच ठेवून. पत्र हातात पडायला ऑगस्ट उजाडला आणि त्याच महिन्यात त्या लोरेटोतून निघाल्या. त्यांचा नवा संघ उभा राहिला ७ ऑक्टोबर १९५० ला. तेव्हा 'संघ सोडला' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न 'कशासाठी' हा असावा.

एका संघातून दुसऱ्यात जाताही येतं. दोन्ही सर्वोच्च सुपिरिअर आणि त्यांची मंडळं राजी हवीत, आणि नव्या संघात कमीत कमी ३ वर्षांची पारख. नोव्हिशिएट पुन्हा करावं लागत नाही.

संघाचा फादर असेल तर आणखी एक गाठ. त्याला घेणारा बिशप सापडेपर्यंत मुक्तिपत्र मिळत नाही. बिशपने प्रायोगिक घेतलं आणि ५ वर्षांत नाकारलं नाही तर तो आपोआप त्या धर्मप्रांताचा होतो. धर्मगुरूपणच सोडायचं असेल तर ते वेगळं प्रकरण. अर्ज वेगळा, कचेरी वेगळी.

मांडवीकाठ

चर्चा आजच्या काळात अडकली आहे, म्हणून थोडं मागचं.

आत जाणं ही नेहमी इच्छेची गोष्ट नव्हती. दार उघडेल का हा प्रश्न होता. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये जेज्वीटांबरोबर धर्मशिक्षकाचं काम करत होते. त्यांना त्याच संघात जायचं होतं, घेतलं नाही. मग व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत हुतात्मा झाले. गोव्यात तर युरोपीय संघ स्थानिकांना सहसा घेतच नसत. म्हणून १६८० च्या दशकात गोवेकर धर्मगुरूंनी स्वतःची ऑरेटरी, म्हणजे एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंचा समूह, उभारली. संत जोसेफ वाझ तिचेच. ऑरेटरीत जाहीर व्रतं नसतात, तरी एकत्र राहणं आणि शिस्त होती. 'संघात का गेले नाहीत' याचं उत्तर कधी कधी संघाकडेच असतं.

बाहेर पडणंही नेहमी इच्छेने झालं नाही. १८३४ मध्ये पोर्तुगालने संघच बंद केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यात अंमल झाला. जुन्या गोव्यातले फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, सगळे गेले. सांत ऑगस्टिनच्या बुरुजाचं जे भग्न अंग आज पर्यटक पाहतात, ते या रिकामपणाचं. सांता मोनिकाच्या नन्सना हाकललं नाही, पण नव्या मुली घ्यायला बंदी घातली. १६०६ मध्ये स्थापन झालेला तो मठ एकेक नन वारत रिकामा झाला. शेवटची १८८५ मध्ये वारली. संघ मारायचा असेल तर नोव्हिशिएटचं दार लावलं की पुरतं.

जास्वंद

मांडवीकाठ, सुरेख माहिती.

व्यवहाराचं कोणी सांगेल का? बाहेर पडलेल्या बाईच्या हातात काय असतं? पगार, जमीन, कागदपत्रं?

केळीबाग

हे मीच लिहितो. निघणाऱ्या बायका सर्वांत जास्त फसतात त्या इथे, आणि फसवणारा कोणी दुष्ट असतोच असं नाही. बहुतेकदा कोणी आधी सांगितलेलंच नसतं.

पैसे. कॅनन ७०२ सांगतो की संघात केलेल्या कामाबद्दल काही मागता येणार नाही. लगेच पुढे म्हणतो की संघाने न्यायाने आणि प्रेमाने वागावं. किती, ते लिहिलेलं नाही, म्हणून प्रत्येक संघाचा आकडा निराळा. निघण्यापूर्वी लेखी मागा: सुरुवातीच्या काही महिन्यांचं भाडं आणि खर्च, चालू औषधोपचार, आणि नोकरीला लागेल असा एखादा कोर्स.

पगार. अनुदानित शाळेत सिस्टरचा पगार तिच्या नावाने येतो आणि ती तो संघाला देते. व्रतामुळे हा पैसा आपला नाही, म्हणून कर कापू नका, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला. म्हणजे सरकारच्या लेखी पगारदार तीच. याचा दुसरा अर्थ नीट वाचा: भविष्य निर्वाह निधी, सेवापुस्तक, पेन्शन हे तिच्याच नावाचं असतं. संघात असेपर्यंत धर्मकायद्याने तो पैसा संघाचा, निघाल्यावर नाही. बँक खातं जोडखातं असेल तर आधी तपासा, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर कोणाचा आहे तेही. ओटीपी प्रोक्युरेटर (हिशेब सांभाळणाऱ्या) सिस्टरच्या फोनवर जात असेल तर खातं नावापुरतंच तुमचं.

जमीन. इथे सगळ्यात मोठी घाई होते. पहिल्या व्रतांपूर्वी फक्त मालमत्तेची व्यवस्था आणि उत्पन्नाचा वापर दुसऱ्याकडे सोपवायचा असतो, मालकी नाही. कायमच्या व्रतांपूर्वी मृत्युपत्र करायचं असतं. बहुतेक सिस्टरांच्या संघांत मालकी तिच्याकडेच राहते. जुन्या ऑर्डरींत, म्हणजे 'गंभीर' (सॉलेम) व्रतं घेणाऱ्या संघांत, मात्र कायमच्या व्रतांच्या वेळी ती पूर्ण सोडावी लागते. तरी घरचे काय करतात? मुलगी नोव्हिशिएटला गेली की भाऊ तलाठ्याकडे हक्कसोडपत्र घेऊन तयार. नोंदवलेलं हक्कसोडपत्र व्रतं सुटल्यावर परत येत नाही. कायमच्या व्रतांआधी त्यावर सही करू नये. धर्मकायदाही ती मागत नाही. नुसतं सिस्टर झाल्याने भारतीय कायद्यात वारसाहक्क जात नाही. गोव्यात तर निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क कायद्यानेच राखलेला असतो, मग ती कॉन्व्हेंटात असो की घरी.

नाव. जुन्या सिस्टरांचं संघातलं नाव वेगळं असायचं. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरंच. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि त्याच्या पाच-सहा प्रती ठेवा. मूळ गुणपत्रिका कॉन्व्हेंटच्या कपाटात असतात. त्या निघण्याच्या दिवशी मागायच्या नाहीत, आधीच ताब्यात घ्यायच्या.

कॅननकाका

केळीबाग यांनी पुरवणी मागितली नाही तरी देतो.

मुक्तिपत्राची प्रत जिवापाड जपा. कायमच्या व्रतांची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ नोंदवहीत केली जाते. मुक्तिपत्र आल्यावर ती कळवायची राहून जाते. मग दोन वर्षांनी चर्चमध्ये लग्न ठरतं, फादर ताजा स्नानसंस्कार-दाखला मागवतात आणि त्यावर 'कायमची व्रतं घेतली' एवढंच लिहून येतं. ब्रह्मचर्याचं कायमचं जाहीर व्रत असताना झालेलं लग्न अवैध असतं, म्हणून सगळं अडतं. उपाय सोपा: मुक्तिपत्र मिळताच जिथे स्नानसंस्कार झाला त्या धर्मग्रामाला प्रत पाठवा, आणि नोंद झाल्याचा दाखला मागवून पाहा.

न सांगता निघून जाणं हा सर्वांत वाईट मार्ग. २०१९ पासून सलग १२ महिने बेकायदा गैरहजर राहिलं, पत्ताच लागत नसला तरी, संघाशी नातं आपोआप तुटतं. नोंदणी पद्धतीने लग्न केलं तरी तसंच. पण अशा वेळी कागद संघाने केलेला असतो, तुमच्या हातात काही नसतं.

संघ काढतो तेव्हाची रीत: लेखी ताकीद, मग किमान १५ दिवस, दुसरी ताकीद, पुन्हा १५ दिवस, मग सर्वोच्च सुपिरिअर किमान चार जणींच्या मंडळासह निर्णय घेतात. निर्णयाविरुद्ध दाद मागायची मुदत पूर्वी १० दिवस होती, २०२३ पासून ३० दिवस आहे, आणि दाद मागितली की निर्णय थांबतो. ती मुदत आदेशात लिहिलेली नसेल तर आदेशच टिकत नाही. आधी ते पान पाहा.

जास्वंद

आणि समजा निघाल्यावर वाटलं की परत जावं?

कॅननकाका

जाता येतं. नोव्हिशिएट पुरं करून किंवा व्रतांनंतर रीतसर निघालेल्या व्यक्तीला सर्वोच्च सुपिरिअर मंडळाच्या संमतीने पुन्हा घेऊ शकतात, नोव्हिशिएट न करता. पारख किती दिवसांची आणि तात्पुरती व्रतं किती वर्षांची, ते त्या ठरवतात. कॅनन ६९०. अर्ज थेट त्यांच्याच नावाने करायचा, जुन्या कॉन्व्हेंटच्या सुपिरिअरना मध्ये घालायची गरज नाही.